देश जैवविविधता जपायचं धोरण ठरवतो कसा, आणि ते खाली गावापर्यंत पोचतं का?

तज्ज्ञ वगैरे मी नाही ओ, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला आहे आणि आमच्या पंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत चार दिवस नावं लिहायला बसलो होतो, तेवढ्यावर सांगतो.

वरचं गणित सरळ आहे. १९९२ ला रिओत जैवविविधतेचा जागतिक करार झाला, १९९४ ला भारत त्यात आला, आणि प्रत्येक देशानं आपापला आराखडा करायचा ही त्या करारातलीच अट. आपला २००८ ला झाला, २०१४ ला त्यात १२ लक्ष्यं घातली, मग २०२२ ला माँट्रियलमध्ये जगानं २०३० पर्यंतची २३ लक्ष्यं ठरवली आणि २०२४ ला आपण आपला आराखडा त्याला जुळवून घेतला. पण नुसत्या आराखड्यानं कुणाला दंड होत नाही, जोर आहे तो २००२ च्या जैवविविधता कायद्यात. चेन्नईला राष्ट्रीय प्राधिकरण, राज्याला मंडळ, आणि खाली प्रत्येक पंचायतीत, नगरपालिकेत समिती. समितीनं लोकांना विचारून नोंदवही करायची, गावात कुठलं झाड, कुठलं बी, कोण कशाला वापरतंय.

अभयारण्य करणं त्यामानानं सोपं, एक खातं, एक हद्द. आमचं भीमगड २०११ ला जाहीर झालं, १९० चौरस किलोमीटर, तिथल्या बारापेडे गुहेतलं वटवाघूळ बरीच वर्षं जगात फक्त इथंच आहे म्हणून समजायचे. हद्दीबाहेरचं कोण बघणार? बेळगाव बासमती हे भाताचं बी काय अभयारण्यात नाही, ते शिवारात आहे, आणि शिवारात घरांच्या प्लॉटांचे लेआऊट पडालेत. धोरण पर्यावरण खात्याचं, जमीन महसूल खात्याकडं, बियाणं कृषी खात्याकडं, खरी गोची इथं आहे बघा.

बरं, नोंदवह्या कधी झाल्या? कायदा २००२ चा, पण हरित लवादानं २०१९ ला सांगितलं की जानेवारी २०२० पर्यंत काम पुरं करा नाहीतर प्रत्येक राज्याला महिन्याला १० लाख भरावे लागतील, तेव्हा सगळे पळायला लागले. आमच्यात पण तसंच. फॉर्म कन्नडमध्ये, सांगणारी म्हातारी माणसं मराठी बोलणारी, मधी मी. शेवटी वही चाळली तर भिरंड एका ओळीत, कोकम दुसऱ्या ओळीत, मुरुगल तिसऱ्या ओळीत, झाड एकच! मी दोन ओळी खोडल्या तर वरनं साहेब म्हणाले राहू दे की, आकडा कमी दिसतंय.

एका आजीकडं गेलो होतो, मुरुडशेंग कशी उगाळून पोराला देतात, कुड्याची साल कधी काढायची, सगळं घडाघडा सांगितलं तिनं. अळंबीवर आलो, कुठल्या महिन्यात, कुठल्या मातीत, तेही सांगितलं. मग मी पुढच्या रकान्यासाठी विचारलं, "आजी, जागा कुठली?"

"जागा कशाला पाहिजे रे तुला?"

सरकारला पाहिजे म्हटलं.

"तू आज लिहितलास की उद्या टेम्पो येतंय बघ. ते नको लिहू."

कायद्यात कंपनीनं माल नेला तर गावाला वाटा द्यायची सोय आहे, हे मी तिला समजावून सांगितलं. ऐकून घेतलं तिनं, चहा पाजला, पण जागा काय सांगितली नाही. वहीत तो रकाना मी मोकळाच ठेवलाय.