लहान मुलांसाठी वसंत ऋतूवर लेखनाचे आणि शुद्धलेखनाचे कोणते उपक्रम घेता येतील?

तुमचा मुलगा पाच वर्षांचा, मुलगी सात वर्षांची. छापील वर्कशीट समोर ठेवल्या की दोघंही लगेच कंटाळतात, आणि वसंत ऋतूच्या निमित्ताने त्यांना लिहितं कसं करावं, असं तुम्ही विचारलं आहे. मी पहिली-दुसरीच्या मुलांना भाषा शिकवते. माझं ठाम मत आधीच सांगते: मनातलं लिहिणं आणि शुद्ध लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत, ती एकाच बैठकीत करून घेऊ नका. या वयात मुलाला काय सांगायचं ते आठवायचं असतं, अक्षराचं वळण काढायचं असतं, ओळ सांभाळायची असते. त्यातच दर शब्दाला 'वेलांटी कुठली?' असं विचारलं, की मूल सोप्या शब्दांच्या आड लपतं. मनात 'फुलपाखरू' असतं आणि वहीत 'झाड' उतरतं.

लेखनासाठी मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो एका फांदीचा उपक्रम. खिडकीतून किंवा येताजाता दिसणारी एकच फांदी मुलांनी निवडायची, दर तीन-चार दिवसांनी निरखायची, चित्र काढायचं आणि खाली एक-दोन वाक्यं लिहायची. तीच फांदी पुन्हा पुन्हा पाहिली म्हणजे बदल लक्षात येतो. 'वसंत ऋतूवर पाच वाक्ये लिहा' म्हटलं की मुलं पाठ केलेलं उतरवतात. परवाची मिटलेली कळी आज उघडलेली दिसली, तर त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही असतं. लिहिण्याआधी भरपूर बोलू द्या. पालवीचा रंग जुन्या पानासारखाच आहे का? हाताला कशी लागते? आधी पानं आली की फुलं? काही झाडं पानांच्या आधी फुलतात, आणि हे मुलांना स्वतःहून सापडलं तर ती ते लिहिल्याशिवाय राहत नाहीत. धाकट्याने तोंडी सांगावं, तुम्ही त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं, आणि त्यातला एक शब्द त्याने स्वतःच्या हाताने लिहावा. तेवढं त्याला पुष्कळ आहे.

याच्या जोडीला ओल्या कापसावर राजम्याचं बी ठेवा. बी फुगतं, आधी मूळ बाहेर येतं, मग कोंब वर येतो. 'आधी', 'मग', 'त्यानंतर', 'शेवटी' हे शब्द वापरून क्रमाने लिहायला यापेक्षा चांगला विषय मला माहीत नाही. थोरलीला फुलपाखराचं कोडंही करायला सांगा: 'आधी मी अंड्यात होते. मग पानं कुरतडली. मग कोशात राहिले. आता उडते. मी कोण?' कोड्यात उत्तराचा शब्द लिहायचा नसल्यामुळे मुलं वर्णन फार नेमकं करतात.

आवाजांची यादी तर नक्की करा. मराठीत इतके नादशब्द आहेत की मुलं थांबत नाहीत: सळसळ, किलबिल, चिवचिव, गुणगुण, भिरभिर. 'सळसळ'मध्ये काना-मात्रा काहीच नाही, त्यामुळे तुमचा पाच वर्षांचा मुलगाही तो लिहू शकेल.

या सगळ्या लेखनात चुका तशाच राहू द्या. मूल कानाला ऐकू येईल तसं लिहू पाहतं तेव्हा शब्दातले आवाज सुटे करत असतं, आणि वाचनालाही हेच कौशल्य लागतं. जीन ऊलेट आणि मोनिक सेनेशाल या कॅनडातल्या संशोधकांच्या २०१७ सालच्या अभ्यासात, बालवाडीत असं मनाने लिहिण्यात पुढे असलेली मुलं पहिलीत वाचनातही पुढे दिसली. तो अभ्यास मराठीवरचा नव्हता, पण आवाज वेगळे काढण्याची गरज आपल्या मुलांनाही आहेच.

शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी, वेगळ्या बैठकीत घ्या. शब्द मात्र मुलांच्याच वहीतले उचला. बाहेर दिसत नसलेल्या, कुठल्यातरी दूरच्या प्रदेशातल्या फुलांची नावं तयार यादीतून घोकायला लावण्यात मला काही अर्थ दिसत नाही. धाकट्यासाठी 'मध', मग कान्याचे 'पान', 'वारा', मग दुसऱ्या वेलांटीचे 'कळी', 'अळी', 'माती'. अनुस्वाराचे 'रंग', 'कोंब', 'फांदी' त्यानंतर.

थोरलीला आता नियम शोधायला लावता येतील. 'कळी, अळी, फांदी, पक्षी, पालवी' हे शब्द एकाखाली एक लिहा आणि विचारा, शेवटची वेलांटी कुठली दिसते? शब्दाच्या शेवटी दुसरी, हे ती स्वतः सांगेल. 'फुलपाखरू', 'ऋतू' यांतून दुसऱ्या उकाराचंही तेच कळेल. 'आणि' हा त्याला अपवाद आहे. तो तिला जवळजवळ रोज लिहावा लागेल, म्हणून वेगळ्या कागदावर मोठा लिहून भिंतीवर लावा.

मग 'फूल' घ्या. एक असेल तर दुसरा उकार, पण 'फुले', 'फुलात', 'फुलपाखरू' यांत पहिला. 'ऊन' आणि 'उन्हात' यांचंही तसंच. नियम सांगण्याआधी दोन्ही शब्द लांबवून म्हणायला लावा. 'फूल'मधला लांब उकार 'फुले'मध्ये आखडतो, हे कानाला कळतं. तिने बोलण्यासारखं 'फुलं' लिहिलं तर ती चूक धरू नका, बोलीतल्या उच्चाराप्रमाणे अनुस्वार देऊन लिहिणं नियमात बसतं.

जोडाक्षरांसाठी 'एक आणि अनेक' हा खेळ फार कामाचा आहे. एक कळी, अनेक कळ्या. पाकळी, पाकळ्या. फांदी, फांद्या. मुंगी, मुंग्या. मधमाशी, मधमाश्या. कार्डाच्या एका बाजूला एकवचन लिहा, उलट्या बाजूला अनेकवचन. शेवटची ई जाऊन तिथे 'या' जोडला जातो, हे चार-पाच कार्डांत मुलांच्या ध्यानात येतं, आणि पुढे पाठ न केलेले शब्दही ती बरोबर लिहू लागतात.

तोच शब्द दहादा उतरवून काढायला सांगू नका. उतरवताना नजर काम करते, आठवण नाही. शब्द पाहायचा, झाकायचा, मनाने लिहायचा आणि उघडून पडताळायचा. एवढं दोनदा झालं तरी बस्स.

शब्दशोधाच्या चौकटी आणि अक्षरांची उलटापालट अधूनमधून गंमत म्हणून ठीक. मात्र चौकट तुम्हीच आखा आणि काना-मात्रा अक्षराला चिकटलेली ठेवा: फु-ल-पा-ख-रू, म्हणजे पाच घरं. मात्रा सुट्या घरात गेल्या तर मूल शब्दाचा चेहराच चुकीचा शिकतं.

थोरलीला एका बैठकीला चार-पाच शब्द पुरेत, तेही एकाच प्रकारचे. वेलांटीच्या दिवशी जोडाक्षराची चूक दिसली तर सोडून द्या. धाकट्याकडून मात्र उकारांचा नियम अजून वर्षभर तरी मागू नका. तो 'फुल' लिहील, आणि सध्या ते चालेल.