ऐतिहासिक युद्धांच्या व्हिडिओ गेम्समधली रणनीती आणि डावपेच कितपत खरे असतात?

डावपेच बऱ्यापैकी खरे, रणनीती बहुतेक लुटुपुटूची. समोरासमोर उभं ठाकल्यावर काय करायचं ते डावपेच. पण तिथवर फौज उपाशी न मारता आणायची कशी, ही रणनीती.

मी 'टोटल वॉर' मालिका बरीच वर्षं खेळतोय. त्यातलं मनोबलाचं गणित मला पटतं. पिछाडीवर घोडदळ घातलं की पलटण फुटते ती घाबरून, माणसं संपली म्हणून नव्हे. खऱ्या लढायांतही खरी कापाकापी बहुधा पळापळ सुरू झाल्यावरच व्हायची.

घोडं अडतं रसदेपाशी. आमच्या सोलापूरहून विजापूर शंभरेक किलोमीटर. तिथली मलिक-ए-मैदान तोफ एकदा बघून या. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, वजन पंचावन्न टनांच्या आसपास. ती परांड्याच्या किल्ल्यातून विजापूरला नेली, वाटेत भीमा आडवी. किती बैल जुंपले असतील, त्यांना वैरण कुठून आणली असेल? २००९ च्या 'एम्पायर : टोटल वॉर'मध्ये मराठे घेऊन खेळता येतं, पण वैरणीचा प्रश्न तिथं उद्भवतच नाही. खजिन्यात पैसे असले की फौज शत्रूच्या मुलखात खुशाल वर्षभर बसते.

पानिपतावर भाऊसाहेबांची छावणी दोन-अडीच महिने अडकून पडली, अब्दालीनं रसद तोडली आणि १४ जानेवारी १७६१ ला उपाशी माणसं उपाशी घोड्यांवर बसून लढली. त्याआधी १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावांनी हेच हत्यार निजामावर चालवलं होतं. मोठी लढाई न देता त्याचं दाणापाणी तोडलं आणि तहाला भाग पाडलं. हे गेममध्ये करून दाखवा बघू! (नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावातल्या माणसाला ही उणीव जरा जास्तच खुपते.)

याच मालिकेतल्या 'थ्री किंग्डम्स'मध्ये मात्र सैन्याचा शिधा मोजला जातो, त्यामुळे शत्रूच्या हद्दीत घुसण्याआधी विचार करावा लागतो. आणि खरा घाम काढायचा असेल तर अमेरिकी यादवी युद्धावरचा 'स्कर्ज ऑफ वॉर' घ्या. त्यात हुकूम घोडेस्वारामार्फत पाठवायची सोय आहे. पहिल्या खेपेला माझा हुकूम पोचेपर्यंत टेकडी हातची गेली होती.