शाफ्टची एक बाजू सॉफ्ट का निघाली?

आपले पत्र मिळाले. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात असलेली आपली मुलगी हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून आणि निववून कठीण करण्याच्या कारखान्यात प्रशिक्षण घेत आहे, तेलाचा वास मारणाऱ्या कपड्यांनी घरी येते आणि पुढेही हेच शिकायचे म्हणते. त्याऐवजी तिने संगणकाकडे वळावे का, असे आपण विचारले आहे. सोबत पाठवलेले तिच्या वहीचे पान मी दोनदा वाचले. एन २४ जातीच्या पोलादाचा १२० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट, तापवून तेलात बुडवल्यानंतर त्याची कठिणता एका अंगाला ५१ रॉकवेल (कठिणतेचे माप), दुसऱ्या अंगाला ४२. आणि खाली तिची ओळ, ‘सगळे म्हणतात माल खराब, पण दोन्ही बाजूंना माल तर एकच आहे.’

तिची शंका रास्त आहे. लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हा पातळ पाते सगळीकडून जवळजवळ सारखेच निवते. जाड जॉबचे, म्हणजे कामाच्या जाड तुकड्याचे, तसे नसते. लालबुंद शाफ्ट तेलात उतरताच त्याच्याभोवती वाफेचे आवरण धरते, ते टिकून असेपर्यंत उष्णता संथपणे बाहेर पडते, आणि ते फुटून तेल थेट पोलादाला भिडले की मगच तो झपाट्याने थंड होऊ लागतो; पोलाद कठीण होते ते या झपाट्यानेच. शेजारचा शाफ्ट खेटून असेल किंवा ढवळलेले तेल पोहोचत नसेल, तर त्या बाजूला आवरण रेंगाळते आणि तेवढाच भाग सॉफ्ट राहतो. म्हणून असे जॉब उभे टांगतात, दोहोंत मोकळी जागा ठेवतात. तेलाऐवजी पाणी वापरणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण अशा पोलादाला पाण्यात तडे जाण्याचा धोका मोठा असतो. कठिणता किती खोलवर जाईल हे मात्र पोलादातील निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनमवर ठरते; अशी भर नसलेले साधे एन ८ पोलाद या जाडीत गाभ्यापर्यंत कठीण होत नाही.

तिने संगणकाकडे वळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काम उष्णतेचे, धुराचे आणि पाळ्यांचे आहे, हे मी लपवत नाही. पण फोर्जिंग, गिअर, बेअरिंग यांपैकी कोणताही कारखाना त्याशिवाय चालत नाही, आणि दोष मालावर न ढकलता त्याचे कारण शोधणारी माणसे तिथे नेहमीच हवी असतात. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी विद्यापीठात धातुशास्त्राची स्वतंत्र पदवी आहे. डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. तिच्या शाखेच्या डिप्लोमावर धातुशास्त्र मिळते का, हे यंदाच्या प्रवेश पुस्तिकेत आधी पाहावे.

तोवर तिला एवढे सांगावे. सॉफ्ट आलेल्या जागी पृष्ठभाग थोडा घासून पुन्हा मोजावे, कारण भट्टीत वरच्या थरातला कार्बन जळाला असेल तरी आकडा कमी येतो. घासल्यावरही तो ४२ च्या आसपासच राहिला, तर पुढच्या चार्जला, म्हणजे भट्टीत एका वेळी घातलेल्या पुढच्या मालाला, प्रत्येक शाफ्टची शेजाऱ्याकडची बाजू पंचने खूण करून ठेवावी आणि शाफ्ट बाहेर आल्यावर त्या खुणेपाशी मोजावे.