पहिलं एडिटिंग सॉफ्टवेअर: खर्च न करता

आधी कॅमेऱ्याच्या कंपनीचंच सॉफ्टवेअर उतरवा. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि निकॉनचं एनएक्स स्टुडिओ फुकट आहे, रंगही कॅमेऱ्यात दिसतात तसेच येतात. हात बसला की डार्कटेबल किंवा रॉथेरपी घ्या, दोन्ही मोफत. डार्कटेबलला ८ जीबी रॅम तरी हवी, नाहीतर प्रत्येक स्लायडरला थांबावं लागतं. गिंप हे मोफत सॉफ्टवेअर नंतर, फोटोत आलेली तार काढणं, डाग पुसणं एवढ्यासाठी. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला मूळ फोटो, ते स्वतः उघडत नाही.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर मात्र नकोच, त्यासोबत व्हायरस येऊ शकतो आणि फोटो जाऊ शकतात.

दीक्षाभूमीचा पांढरा घुमट दुपारी काढला की हमखास जळतो, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढरा दिसतो. रॉमध्ये, एक्सपोजर (फोटोत येणारा उजेड) दोन-तृतीयांश स्टॉप (उजेड मोजायचं माप) कमी ठेवून काढा. मग सॉफ्टवेअरमध्ये आधी व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून रंग जुळवणं), मग एक्सपोजर, मग हायलाइट्स (सर्वांत उजळ भाग). तिन्ही रंगांत जळालेला भाग कुठलंच सॉफ्टवेअर परत आणत नाही, महागडंही नाही.

डार्कटेबल फोटोशेजारी एक्सएमपी फाइल ठेवतं, केलेले बदल तिच्यात नोंदलेले असतात. कचरा समजून ती उडवू नका. फोल्डरही डार्कटेबलच्या आतूनच हलवा, बाहेरून हलवलं तर फोटो सापडत नाहीत. नागपूरच्या फुटाळा तलावावरचा सूर्यास्त मोबाइलवर पाठवायचा तर एसआरजीबीतच (स्क्रीनसाठीची नेहमीची रंगपद्धत) एक्सपोर्ट करा, नाहीतर केशरी रंग फिका पडू शकतो.