आयवॉशचा व्हिडिओ दाखवून सह्या घेतल्या, म्हणजे ट्रेनिंग झालं का?

नाही झालं. तुम्ही लिहिलंय की सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या तुमच्या क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या) लॅबमध्ये नवा आयवॉश (केमिकल उडाल्यावर डोळे धुवायचा नळ) बसवला, सगळ्यांना व्हिडिओ दाखवला, रजिस्टरवर सह्या घेतल्या, आणि आता एवढं पुरेल का म्हणून विचारताय. ऑडिटला पुरेल कदाचित. डोळ्यात कॉस्टिक (कॉस्टिक सोडा, म्हणजे तीव्र अल्कली) उडालं तर नाही पुरायचं.

मी इथेच टॉवेलच्या प्रोसेस हाउसची लॅब बघतो. ब्लीचिंगमुळे कॉस्टिक आणि पेरॉक्साइड रोजचंच. पोरं ॲसिडला घाबरतात आणि कॉस्टिक बिनधास्त हाताळतात. खरं तर उलटं हवं. ॲसिडने डोळ्याच्या वरच्या थरातली प्रथिनं गोठतात, त्यामुळे ते बऱ्याचदा तिथेच थोडंफार अडतं. कॉस्टिक मात्र पेशींतल्या चरबीचा साबण करत आत उतरत राहतं. म्हणून अमेरिकेच्या झेड ३५८.१ या मानकात आयवॉश १० सेकंदांत गाठता यावा आणि सलग १५ मिनिटं चालावा असं आहे.

आता ते १० सेकंद डोळे मिटून मोजा. माणसाला त्याच्या रोजच्या टेबलापाशी उभं करा, डोळे मिटायला लावा आणि म्हणा, जा. शेजारी एकजण पडू नये म्हणून चालू द्या, पण हात धरायचा नाही. वाटेतलं स्टूल, रिकामे कॅन, उलटा उघडणारा दरवाजा, सगळं पाच मिनिटांत कळतं. आमच्याकडे यानंतरच कॅन हलले; आधीच्या सूचना भिंतीवरच राहिल्या होत्या.

पोहोचल्यावर तळहाताने दांडा ढकलायचा आणि दोन्ही हात मोकळे करायचे, कारण ते पापण्यांना लागतात. पाणी लागताच डोळा आपोआप घट्ट मिटतो. अंगठा आणि तर्जनीने पापण्या फाकवून धरायच्या, बुबुळ वर-खाली, डावी-उजवीकडे फिरवायचं. हे स्वच्छ पाण्यावर प्रत्येकाकडून थोडा वेळ करून घ्या (डोळ्याचं ऑपरेशन झालेल्यांना सोडून). आमचा एक डाइंग असिस्टंट मिनिटभरात मान वर करून म्हणाला, "अण्णा, बास की ओ, झालं!" १५ मिनिटं किती लांब असतात, ते तिथे कळतं. म्हणून जोडीदार ठरवा: तो घड्याळ बघेल, डोकं धरेल, दुसऱ्याला फोन करायला पिटाळेल. कॉन्टॅक्ट लेन्स धुता धुता काढायची, त्यासाठी थांबायचं नाही. आणि कॉस्टिकवर व्हिनेगर वगैरे उतारा डोळ्यात अजिबात नको.

आपल्या सोलापूरची खरी भानगड पाण्याची. इथे नळाला रोज पाणी नाही, सगळा कारभार टाकीवर. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापतं, आणि मानक सांगतं १६ ते ३८ अंश. थर्मामीटर लॅबमध्ये आहेच, दुपारी दोनला लावून बघा. जास्त निघालं तर टाकीवर सावली करा, पाइपला इन्सुलेशन घाला. मेजरिंग सिलिंडर लावून धारही मोजा: मिनिटाला किमान दीड लिटर, म्हणजे १५ मिनिटांना साडेबावीस. टाकीत तेवढं नेहमी शिल्लक राहायला हवं. दर आठवड्याला आयवॉशचा नळ सोडा. पहिलं गंजलेलं पाणी बादलीत जाऊ दे, कुणाच्या डोळ्यात नको.

धुऊन झाल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना केमिकलची एमएसडीएस (त्याचे धोके आणि उपचार सांगणारं माहितीपत्रक) बरोबर द्या. तिची एक प्रिंट आयवॉशपाशीच प्लॅस्टिकमध्ये घालून टांगा. ऑफिसच्या कपाटात ठेवाल तर ऐनवेळी किल्ली सापडायची नाही.