नाक आत्ता, जहाज नंतर

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं, सोबतचा बेतही वाचला. नोकरी संपेपर्यंत पैसे बाजूला टाकायचे, मग दोघांनी जहाजावर चढायचं आणि बंदर येईल तिथे उतरून द्राक्षमळे बघत, वाइन चाखत फिरायचं. बेत चांगला आहे. मी स्वतः सध्या असंच जगते आहे, त्यामुळे नावं ठेवायला मला तोंड नाही. पण त्यातलं ‘सगळं नंतर’ मला पटलेलं नाही. पैसे साठवता येतात, नाक साठवता येत नाही.

आपण वाइनची चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचा असतो. जिभेला आंबट, गोड, कडू कळतं, हिरड्यांना तुरटपणा जाणवतो. जर्दाळू, मिरी, जुनं चामडं, पावसात भिजलेला दगड हे सगळं नाकाचं काम. वासाची जाण वयाबरोबर बोथट होत जाते आणि साठीनंतर बऱ्याच जणांच्या ते लक्षात यायला लागतं. ज्याच्या डोक्यात आधीच वासांचा भरपूर साठा आहे, त्याला पुसट वास आला तरी उरलेलं तो आठवणीने भरून काढतो. कोरं डोकं घेऊन पासष्टीला पेल्यात नाक घातलं तर ‘छान आहे’ यापलीकडे गाडी जात नाही. जहाजावर अशी मंडळी मी कितीतरी पाहते. खर्च भरपूर केलेला असतो, हौसही असते, पण चाळीस वर्षं एकाच प्रकारची रेड पिऊन झालेली असते आणि आता रीसलिंग या द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनमधला पेट्रोलचा वास दाखवला तर ती दचकतात.

म्हणून अभ्यास आत्ता. त्यासाठी महाग बाटल्या लागत नाहीत. एकच द्राक्ष धर, उदाहरणार्थ रीसलिंग, आणि चार ठिकाणचं चाखून बघ. जर्मनीतल्या मोझेलकाठच्या पाटीच्या दगडावरचं हलकं, कधी कधी आठ टक्के अल्कोहोलचं. फ्रान्समधल्या अल्सासचं अंगाने भरलेलं आणि बहुधा कोरडं, म्हणजे गोडी नसलेलं. ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर व्हॅलीचं, लिंबू पिळल्यासारखं. ऑस्ट्रियाच्या वाखाउचं. नावं झाकून चाख आणि चुकलीस तरी लिहून ठेव. वहीत ‘आवडली’ असं लिहू नकोस, कशाचा वास आला ते लिही.

पायांचंही आत्ताच उरकून घे. मोझेल नदीकाठी ब्रेम गावावर काल्मोंटचा उतार आहे, काही जागी पासष्ट अंशांपर्यंत चढलेला, युरोपातल्या सर्वांत उभ्या मळ्यांपैकी एक. तिथे तोडणीला माणसं अक्षरशः लोंबकळतात आणि माल वाहायला डोंगरावरून एकच रूळ टाकलेला असतो. तिथली पायवाट शिड्या आणि लोखंडी दोर धरून चढायची आहे. नदीतून जाणाऱ्या जहाजाच्या डेकवरून तो उतार सुंदर दिसतो, पण तिथली वाइन महाग का पडते ते खालून समजत नाही. ते पोटऱ्यांनाच समजतं.

आता जहाजाकडे येते. जहाजाचा मोठा गुण म्हणजे सामान एकदाच उघडायचं आणि रोज नव्या गावात जाग यायची. गुडघे कुरकुरायला लागले की याची किंमत कळते. पण समुद्रावरची मोठी जहाजं वाइनच्या माणसाला फार फसवतात. वेळापत्रकात ‘बोर्दो’ छापलेलं असतं आणि जहाज लागतं ल व्हेरदोंला, जिरोंद नदीच्या मुखाशी, शहरापासून शंभरेक किलोमीटर दूर. मध्यम आकाराची जहाजं नदीतून थेट शहराच्या धक्क्यापर्यंत येतात, त्यामुळे बुकिंगआधी धक्का कुठला एवढं विचारायचंच. ‘फ्लोरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, पुढे नव्वदेक किलोमीटर बस. सकाळी आठला लागलेलं जहाज संध्याकाळी सहाला सुटणार आणि त्याआधी अर्धा-पाऊण तास वर असलं पाहिजे. जाण्यायेण्यात चार तास गेले तर मळ्यासाठी उरतं काय? अशा बंदरात जहाजाचीच सहल घ्यावी, महाग असली तरी. त्यांची बस अडकली तर जहाज सहसा थांबतं. तुझी टॅक्सी अडकली तर ते निघून जातं आणि पुढचं बंदर तू आपल्या खर्चाने गाठायचं.

माझं मत विचारशील तर वाइनसाठी नदी. आणि नदीत पहिली डोउरू.

पोर्तुगालची ही नदी बघायची तर आधी तिचा जुना धाक माहीत हवा. आज जहाजं जिथून सुळकन जातात तिथे पूर्वी खडक आणि धबधब्यासारखे प्रवाह होते. डोंगरातली वाइन पिंपांत भरून राबेलू नावाच्या सपाट बुडाच्या होड्यांतून खाली पोर्तू शहरासमोरच्या गाया गावात आणायची आणि तिथल्या गार, दमट गोदामांत मुरवायची, असा शतकांचा शिरस्ता. वालेइरा नावाच्या अरुंद घळीत १८६१ साली जोसेफ जेम्स फॉरेस्टर बुडाला. या नदीचा उत्तम नकाशा काढणारा हा माणूस नदीनेच घेतला. त्याच नावेत दोना आंतोनिया फेरेइरा होती, पोर्ट या इथल्या गोड वाइनच्या धंद्यातली मोठी बाई, ती वाचली. फॉरेस्टरला कमरेच्या पट्ट्यातल्या पैशांनी खाली ओढलं आणि तिला फुगीर घागऱ्याने तरंगवलं, असं सांगतात. घागऱ्याची गोष्ट खरी असेल-नसेल, मला मात्र ती वालेइरात दर वेळी आठवते.

आता तिथे धरण आहे. पोर्तुगालमधल्या टप्प्यात अशी पाच धरणं आणि प्रत्येकाला जहाजासाठी लॉक, म्हणजे पाणी भरून जहाज वर चढवणारी दारांची खोबण. करापातेलूचं लॉक पस्तीस मीटर उंच. जहाज त्या काँक्रीटच्या खोबणीत शिरतं तेव्हा दोन्ही बाजूंना हात लांब केला तर भिंत लागेल असं वाटतं. दार बंद होतं, ओल्या शेवाळाचा वास येतो, वर आभाळाची एक पट्टी तेवढी उरते. मग पाणी चढतं आणि भिंतीवरच्या शेवाळाच्या रेघा एकेक करून खाली जातात. डेकवरची छत्री आणि कठडे आधीच आडवे केलेले असतात, कारण पुलाखालून जाताना डोकंसुद्धा खाली घ्यावं लागतं. रात्री इथे प्रवासी जहाजं चालवत नाहीत, ती काठाला बांधून ठेवतात. हा नियम आपल्याला लाखमोलाचा. रात्री गाव मिळतं, दिवसा मळे बघत जाता येतं, झोपेत काही निसटत नाही.

हा मुलूख १७५६ साली पोर्तुगालचा तेव्हाचा मंत्री, पुढे पोंबालचा मार्क्विस झालेला, याने आखून दिला आणि मग हद्दीवर ग्रॅनाइटचे खांब रोवले. पोर्ट कुठल्या जमिनीतली हे ठरवणारी हद्द. वाइन अर्धवट आंबलेली असतानाच तिच्यात सत्त्याहत्तर टक्क्यांचं द्राक्षाचं मद्य ओततात, यीस्ट मरतं, साखर उरते आणि वीसेक टक्क्यांची गोड पोर्ट तयार होते. १९८६ पर्यंत निर्यात गायामधूनच व्हायची. त्या वर्षी नियम सैल झाला आणि डोंगरातल्या छोट्या मळेवाल्यांना आपली पोर्ट स्वतःच्या नावाने परदेशी पाठवता आली. म्हणून डोउरूकाठच्या पिन्याऊ गावाच्या आसपास मोठ्या नावाच्या पाटीपेक्षा असं एखादं घर शोध. तिथे बहुधा मालक स्वतःच ओततो आणि त्याला विचारायला वेळ असतो.

दिवसाला एक वाइनरी, फार तर दोन. तिसरीत जीभ सुन्न झालेली असते आणि आपण फक्त खिडकीबाहेर बघत असतो. आधी वेळ घेऊन जायचं, न कळवता दारात उभं राहिलं तर बऱ्याच ठिकाणी परत पाठवतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी चालू असते. तेव्हा बघायला खूप असतं, पण बोलायला कोणी मोकळं नसतं. गप्पा हव्यात तर मे-जूनमध्ये जा. परफ्यूम लावू नकोस, शेजारच्याच्याही पेल्यात तो शिरतो. आणि थुंकायला लाजू नकोस. टेबलावर ते भांडं त्यासाठीच असतं, धंद्यातली माणसं दिवसभर थुंकतात. आपल्याकडच्या काही जणांना पैसे देऊन घेतलेला घोट टाकणं जिवावर येतं. मग दुपारी बसमध्ये घोरतात ते तेच.

तिथे गेल्यावर वाइनबद्दलचं ज्ञान पाजळू नये, हेही जाता जाता. ‘गेल्या दहा वर्षांत तोडणी किती दिवस अलीकडे आली?’ असा एक प्रश्न विचार आणि गप्प बस. हवामान, मजूर, पाणी, मुलगा धंद्यात येणार का, सगळं आपोआप बाहेर येतं.

समुद्रावरच जायचं असेल तर माझ्या यादीत पहिलं बंदर फुंशाल, मदेरा बेटावरचं. तिथली मदेरा नावाचीच वाइन जहाजानेच घडवलेली आहे. जुन्या काळी पिंपं उष्ण कटिबंधातून महिनोन्‌महिने जायची, तळच्या कोठारात तापायची, आणि परत आलेली वाइन गेलेलीपेक्षा चांगली निघायची. मग फेरी मारून आणलेल्या वाइनला मुद्दाम जास्त भाव मिळायला लागला. पुढे तीच उष्णता जमिनीवर द्यायला शिकले. साध्या वाइनला टाक्यांत पंचेचाळीस ते पन्नास अंशांवर निदान तीन महिने तापवतात. चांगलीला छपराखालच्या माळ्यावर पिंपांत वर्षानुवर्षं ठेवतात. अशा माळ्यावर दुपारी चढलीस तर लाकडी जमीन पायाखाली करकरते, हवा कोंदट आणि ऊनऊन, आणि अक्रोड, जळकी साखर, संत्र्याची साल असा घमघमाट. पेला हातात यायच्या आधीच निम्मं चाखून झालेलं असतं. शिवाय वाइनची गोदामं गावातच आहेत, बंदरावरून फार लांब नाहीत, त्यामुळे घड्याळाकडे बघत बसावं लागत नाही. कोरड्यापासून गोडाकडे सेर्सियाल, व्हेर्देल्यू, बुआल, मालव्हाझिया अशा क्रमाने मागव.

यातच तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, आत्ता कुठल्या बाटल्या घेऊन ठेवू. बहुतेक वाइन ठेवण्यासाठी नसतेच, दोन-चार वर्षांत पिऊन टाकावी. ठेवायचीच तर व्हिंटेज पोर्ट: तोडणीनंतर दोन-तीन वर्षांत बाटलीत भरतात आणि मग ती काही दशकं मुरत राहते. २०११, २०१६, २०१७ ही बहुतेक पोर्ट कंपन्यांनी व्हिंटेज म्हणून जाहीर केलेली वर्षं. टॉनी पोर्ट ठेवू नकोस, ती पिंपातच मुरून आलेली असते, बाटलीत सुधारत नाही. मदेरा मात्र विसरलीस तरी चालेल, उघडल्यावरही महिनोन्‌महिने टिकते. ठेवायची जागा गार, अंधारी आणि स्थिर हवी. ती नसेल तर हा नाद सोड आणि ते पैसे चाखण्यावर घाल.

जहाजावरच्या ड्रिंक्स पॅकेजबद्दल मला फारसं चांगलं बोलता येणार नाही. रोजचे पैसे आधीच भरले की वसूल करायच्या नादात माणूस दुपारपासून पेला धरतो, आणि खरोखर चांगल्या वाइन बहुधा पॅकेजच्या मर्यादेबाहेरच असतात. त्यापेक्षा जेवताना बाटली घ्यावी. उरली तर बूच लावून, केबिनचा नंबर टाकून बऱ्याच जहाजांवर दुसऱ्या दिवसासाठी ठेवतात. चढताना माणशी एक बाटली नेऊ देणाऱ्याही बऱ्याच कंपन्या आहेत, टेबलावर उघडली तर कॉर्केज, म्हणजे बाटली उघडण्याचे पैसे, घेतात. बंदरात घेतलेल्या बाटल्या मात्र काही ठिकाणी शिडीपाशीच ताब्यात घेऊन शेवटच्या रात्री परत देतात. बुकिंग करताना हे वाच. विमानाने परतताना चोवीस टक्क्यांपर्यंतच्या मद्याला चेक-इन सामानात विमान सुरक्षेच्या नियमांची मर्यादा नाही, पोर्टही त्यात बसते. कस्टमची मर्यादा वेगळी, ती धरूनच बाटल्या मोज.

आणखी एक, वयात आल्यावर कामाला येईल. म्हणजे माझ्या वयात. शरीरातलं पाणी कमी होत जातं, त्यामुळे चाळिशीत सोसलेले दोन पेले सत्तरीत तीनसारखे लागतात. झोपेच्या, रक्त पातळ करण्याच्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला आकडा खरा सांगायचा. आम्हा म्हाताऱ्यांची यातच गोची होते.

राहता राहिला तुझ्या नवऱ्याचा प्रश्न, तो पीत नाही म्हणून त्याला कंटाळा येईल का. आमचे हे थेंबाला शिवत नाहीत. पण नाक माझ्यापेक्षा तिखट. वाइन त्यांच्यासमोर धरायची, ते वास घेतात, मग मी पिते. मागे एका जहाजावर वेटरने नव्या बाटलीतलं थोडं ओतलं, मी मान डोलावणार तेवढ्यात हे म्हणाले, भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतोय. बुचाचा दोष. बाटली बदलून मिळाली, आणि त्या रात्रीपासून तो वेटर आमच्या टेबलाशी आला की पेला आधी त्यांच्यापुढे ठेवायचा.