'ए आजी, उठ गं!'

प्रश्न : माझी ८३ वर्षांची आई खुब्याचं हाड मोडल्यापासून पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात आहे. तिथल्या मावशी 'ए आजी, उठ गं' म्हणतात, मोबाइलवर बोलत बोलत तिला भरवतात. तक्रार करू म्हटलं की आई घाबरते : "तू जाशील घरी, रात्र मला काढायचीय." मावशींच्या हातावर शे-दोनशे ठेवले तर फरक पडेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, पैसे अजिबात ठेवू नका. मी २२ वर्षं अशाच एका संस्थेत मेट्रन होते. एका खाटेकडून चहापाणी मिळायला लागलं की शेजारच्या खाटेची घंटा ऐकू येईनाशी होते.

अगं-तुगंचं मी फारसं मनावर घेत नाही. आईला आपणही 'अगं आई'च म्हणतो. माझ्याकडची लातूरची एक मावशी सगळ्यांशी एकेरीतच बोलायची, पण पडदा ओढल्याशिवाय तिने कुणाच्या गाउनला हात लावला नाही. दुसरी 'अहो काकू' म्हणायची आणि संध्याकाळी सहानंतर पाण्याचा तांब्या खिडकीत ठेवायची, हात पोचणार नाही असा. पाणी कमी प्यायल्या की रात्री डायपर बदलायला नको! मला कळलं तोवर एका काकूंना लघवीचा संसर्ग होऊन त्या भ्रमात बडबडायला लागल्या होत्या.

तिला मी फाडफाड बोलले. मग हजेरीपट उघडला. दिवसपाळी करून तीच रात्रपाळीला, २० खाटांना एकटी, आणि खाली सही माझी. बदली मावशी मागायला मी ऑफिसात गेलेच नव्हते.

तेव्हा रविवार सोडून मधल्याच एखाद्या वारी, संध्याकाळी सातला जा. पाणी कुठे ठेवलंय बघा. माकडहाड आणि टाचा बघा. तिथली लाली बोटाने दाबूनही फिकी होत नसेल तर बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. नर्सला तिथल्या तिथे दाखवा आणि दर दोन तासांनी कूस कोण बदलतं ते विचारा. व्यवस्थापकांकडे कुणाचंच नाव घेऊ नका, आईचंही नाही. एवढंच विचारा : रात्री किती खाटांना किती जणी? सुट्टीच्या दिवशी बदली कोण? मारहाण किंवा उपाशी ठेवणं दिसलं तर मात्र थेट १४५६७ लावा, ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट.

राहिला मोबाइल. तो चालवून घेऊ नका, लक्ष नसताना भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. भांडायचं नाही. "तुम्ही फोन उरका, तोवर मी भरवते," म्हणायचं आणि वाटी हातात घ्यायची.